चौथी खाच

आदेश बारला लोंबकळत होता. बागेच्या कुंपणाला अजून जाळी बसलेली नव्हती, म्हणून प्रणिताला तो रस्त्यावरूनच दिसला. लाल मातीच्या ढिगांपलीकडे, नुकत्याच रंगवलेल्या दोन निळ्या खांबांच्या मधे, दोन्ही हात वर, गुडघे मागे दुमडलेले, आणि पावलं जमिनीला लागत नव्हती. तो आपला नवरा आहे हे तिला शर्टावरून नाही, डोक्याच्या मागच्या भोवऱ्यावरून कळलं. अपघातानंतर रोज संध्याकाळी तो स्वतःच्या उजव्या हातावर वाकून बसायचा आणि ती समोरून तो भोवरा बघत राहायची. त्याच्यासमोर एक बाई उभी होती. जीन्सवर ढगळ कुर्ता, केसांचा बुचडा, त्यात खोचलेली पेन्सिल. तिने आपले दोन्ही तळवे त्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना धरले होते, पण टेकवले नव्हते. मधे चार बोटांचं अंतर होतं. ते अंतर प्रणिताच्या ओळखीचं होतं. माणूस पडला तर धरायचं, पण आपण पडणार आहोत असं त्याला वाटू द्यायचं नाही. हे तिला कॉलेजात शिकवलं होतं आणि पेशंटच्या बाबतीत ती ते रोज करत होती. या बाईला ते कोणी शिकवलं होतं? बाई काहीतरी बोलली, आदेश वरच्या वर हसला, हसताना त्याचं सगळं अंग हललं, आणि तरी तो सुटला नाही. प्रणिताने स्कूटर थांबवली नाही. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिने वेग मात्र खूप कमी केला होता.

रोह्याला लागून असलेल्या वरसेतल्या नव्या इमारतींपैकी एकीत काशीबाई नावाची तिची पेशंट राहायची. अर्धांगाचा झटका येऊन गेलेली, साठीची, बोलायला तयार. प्रणिता तिच्यासमोर बसली, तिचा तळवा आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट उघडू लागली. डोक्यात मात्र बेरीज चालू होती. आदेशचं वजन बहात्तर किलो. डाव्या हाताची पकड चव्वेचाळीस. उजव्याची सतरा. दोन्ही मिळून एकसष्ट. एकसष्टच्या पकडीवर बहात्तर किलोचा माणूस हसत लोंबकळत नाही. दाबण्याची पकड वेगळी आणि लटकण्याची वेगळी, लटकताना बोटांचा हुक होतो, स्नायूंइतकंच काम हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या करतात, हे तिला माहीत होतं. ती सूटही तिने देऊन पाहिली. तरीही काहीतरी उरत होतं. जे उरत होतं ते कुठून आलं?

"आज ध्यान कुठं हाय गो तुजं?" काशीबाई म्हणाली. "मगापासून माझा बरा हात धरून बसलीस. ह्याला काय झालंय, हा तर चपात्या लाटतो."

प्रणिताने खाली पाहिलं. खरंच तो डावा, धडधाकट हात होता. "चुकलं, मावशी," ती म्हणाली आणि दुसरा हात घेतला.

"चुकंल नायतर काय. नवऱ्याशी भांडून आलीस वाटतं."

भांडण झालं असतं तर बरं, असं प्रणिताला वाटलं. भांडायला काही कारण लागतं, आणि तिच्याकडे फक्त एक वजाबाकी होती. आदेश सांगून जात होता. पहिली शिफ्ट तीनला सुटली की वरसेच्या बागेत लोखंडाचं काम चाललंय ते बघायला जातो, पेणची पार्टी आहे, चांगलं काम करते, असं तो दोन-तीनदा म्हणाला होता. पार्टी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर जाड मनगटाचा, टेम्पोतून उतरणारा कोणी ठेकेदार आला होता. पार्टीच्या बुचड्यात पेन्सिल असेल असं तिला वाटायचं काही कारण नव्हतं. आदेश खोटं बोलला नव्हता. तो फक्त एक शब्द बोलून थांबला होता, आणि राहिलेलं तिने स्वतःच भरलं होतं.

संध्याकाळी नेहमीसारखा काटा निघाला. तो खरं तर पकड मोजायचा दवाखान्यातला डायनॅमोमीटर. मुठीत धरून दाबायचा, वर तबकडीवर किलो दिसतात. पण अपघातानंतर तिच्या सासूबाई, गिरजाबाई, कासूजवळच्या गावाहून कायमच्या राहायला आल्या आणि त्यांनी त्याला काटा म्हणायला सुरुवात केली, मग सगळेच म्हणू लागले. खुर्ची टेबलाला तिरकी, कोपर बरगडीला टेकलेलं, मनगट सरळ. आदेशने दाबलं. सतरा. पुन्हा दाबलं. सतरा. तिसऱ्यांदा सोळा. त्याच्या कपाळावर शीर उभी राहिली होती, ओठ आत ओढलेले. ती शीर खरी की आणलेली? माणसाला कपाळावरची शीर मनात आणून फुगवता येते का? प्रणिताने काटा पुसून पेटीत ठेवला. त्याचा हात मात्र तिने लगेच सोडला नाही. मोजणी झाली की ती त्याचा तळवा चोळायची, अंगठ्याच्या मुळाशी, मग मनगटापासून करंगळीच्या दिशेने, जिथे टाके पडले होते आणि कातडी खालच्या दोरीला चिकटून बसली होती तिथे जरा जास्त वेळ. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि एकमेकांचा हात रोज ठरलेल्या वेळी हातात घेणारं जोडपं तिला दुसरं माहीत नव्हतं.

लग्नाआधी त्यांची भेट दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा चहाचा कप आणि घरची माणसं मधे होती. त्याचा हात तिने पहिल्यांदा धरला तो कासूच्या स्टेशनात. लग्नानंतर गावच्या देवाला जाऊन परत येताना फलाट खाली आणि गाडीची पायरी उंच, साडी नवी आणि कडक, हातात नारळाची पिशवी. आदेश आधी चढला, वळला आणि त्याने हात खाली केला. तिला वाटलं होतं तो बोटं धरेल. त्याने मनगट धरलं, आणि तिला काही करावंच लागलं नाही, ती वर होती. धाटावच्या कंपनीत तो फिटर होता. नटबोल्टांनी घडवलेला तो हात. त्या क्षणी तिच्यातली फिजिओथेरपिस्ट म्हणाली होती, पन्नासच्या वर. आणि दुसरी कोणीतरी, जिला आकडे येत नव्हते, काहीच म्हणाली नव्हती. पुढे रोलरमध्ये अडकलेला कागद काढताना तोच हात घाईत आत गेला. हाडं जुळली, दोऱ्या शिवल्या, पण बोटं पुरती मिटेनात. कंपनीने त्याला स्टोअरमध्ये बसवलं. पहिल्यांदा काटा दाबला तेव्हा तबकडीवरची सुई हललीच नव्हती, आणि तो तिच्याकडे असा बघून हसला होता की ती आत जाऊन भांडी लावत राहिली. त्या शून्यापासून सतरापर्यंत तिनेच त्याला आणलं होतं. गरम पाण्यात, मेणात, स्पंजच्या चेंडूत, रात्री बांधायच्या पट्ट्यांत. सतरावर मात्र तो थांबला. अनेक हात कुठेतरी थांबतात. तिने ते मान्य केलं होतं, आणि आज तिला स्वतःबद्दल एक गोष्ट जाणवली जी फारशी बरी नव्हती. सतरावर थांबल्याचं तिला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं कधी वाटलं नव्हतं. सतरा किलोच्या हाताला बरणीचं झाकण उघडता येत नाही. तो बरणी तिच्यासमोर धरायचा, ती उघडून द्यायची.

"ती पेणची पार्टी," जेवताना आदेशच म्हणाला, "प्रतिक्षा म्हणून आहे. मुंबईत डिझाइन शिकलीय. झोपाळे, बार, म्हाताऱ्यांसाठी कठडे, सगळं स्वतः आखते. मला विचारत होती, पेणला येतोस का कामाला. फिटर म्हणून." शेवटचे दोन शब्द त्याने ताटात बघत म्हटले.

"बाई हाय व्हय ती?" गिरजाबाईंनी विचारलं.

"हाय ना. खाडीकडची. तिचा बाप मिठागरात होता."

"मग उचललेलं टाकायची नाय," गिरजाबाई म्हणाल्या. त्या काम उचलण्याबद्दल बोलत होत्या, तरी प्रणिताने हातातला घास ताटात परत ठेवला.

"अहो, पण वर चढायचं काम असेल," ती म्हणाली. सासूबाईंसमोर ती त्याला अहो म्हणायची, एकटे असले की तू. "उजवा हात सतराच आहे."

"मी सांगितलं तिला. ती म्हणाली, बघू."

बघू. प्रणिताने सांगितलेला आकडा ऐकून कोणी बघू म्हणत नसे. डॉक्टर म्हणत नसत, कंपनीचे साहेब म्हणाले नव्हते. तिला त्या बाईचं बोलणं आठवलं, जे तिने ऐकलंही नव्हतं, फक्त रस्त्यावरून पाहिलं होतं. पुढचे दिवस ती काम नीट करत राहिली आणि आत मात्र एकच गोष्ट उलटीपालटी करत राहिली. नदीकाठच्या रस्त्याने जाताना, दवाखान्यात कोणाच्या गुडघ्याला शेक देताना, वाण्याकडे साबण घेताना. तो बाहेर पंचवीस-तीसने पकडतो आणि घरी सतरा देतो. का देतो? घरी बरं व्हायचं नाही म्हणून? बरा झाला तर मोजणी संपेल म्हणून, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचारात इतका गोडवा होता की तिने तो संशयाने बाजूला ठेवला. उरलं ते दुसरं उत्तर. जोर माणूस सगळीकडे सारखा खर्च करत नाही. जिथे बघणारं माणूस नवं असतं तिथे जास्त करतो. तिला स्वतःची ही अवस्था ओळखू येत होती. छातीच्या मधोमध, जेवणानंतर जळजळतं तिथे, पण जेवणाशी संबंध नसलेली. हा मत्सर होता. जे आहे ते नाही म्हणायची तिला सवय नव्हती. म्हणून ती त्याला मत्सर म्हणाली, आणि नाव दिल्याने तो काही कमी झाला नाही.

काट्याच्या मुठीला पाच खाचा असतात. मूठ पहिल्या खाचेत बसवली की पकड अरुंद, पाचव्यात बसवली की सगळ्यात रुंद. पुस्तकं सांगतात, दुसऱ्या खाचेत मोजा, म्हणजे सगळ्यांचे आकडे एकमेकांशी लावता येतात. ती आदेशचं कायम दुसऱ्या खाचेत मोजत आली होती. पण कॉलेजात त्यांच्या सरांनी पाच खाचांचा आणखी एक उपयोग सांगितला होता. मनापासून दाबणाऱ्याचे आकडे खाच बदलली की बदलतात, वर चढतात आणि उतरतात, कागदावर मांडले तर टेकडी दिसते. मुद्दाम कमी दाबणारा मात्र प्रत्येक खाचेत मनाने ठरवलेला तेवढाच जोर देतो. त्याचे आकडे सपाट येतात, मैदानासारखे. नुकसानभरपाईच्या दोन पेशंटना तिने असं पकडलं होतं, आणि दोन्ही वेळा तिला त्यांची दया आली होती. आता रविवारी सकाळी तिने पेटी काढली तेव्हा दया कुठेच नव्हती. तिला मैदान हवं होतं. तो खोटं बोलतो हे दिसलं की पुढे काय करायचं ते तिला माहीत होतं, रडायचं, बोलायचं, गप्प बसायचं, त्याला वाट होती.

गिरजाबाई खाली बसून भिजलेले, मोड आलेले वाल सोलत होत्या. बिरड्याचा बेत होता. सोललेली डाळिंबी त्या पातेल्यात टाकत आणि साल मांडीवरच्या कागदावर.

"आज सकाळीच काटा?" आदेश म्हणाला.

"जरा वेगळं बघायचंय. मी खाच बदलत जाईन. प्रत्येक वेळी पूर्ण जोर लाव." तिच्या तोंडून तू निघून गेलं, आणि सासूबाईंनी मान वर केली नाही.

"त्यापरीस हितं बसव त्याला माझ्यासंगं," गिरजाबाई म्हणाल्या. "शेरभर वाल सोलले की हात आपसूक चालंल."

"आये, तुझे वाल सोलायला हात नाय, जीभ लागते," आदेश म्हणाला. "तू सोलतेस कमी, बोलतेस जास्त."

पहिली खाच. अकरा. दुसरी. सतरा, नेहमीचे सतरा. प्रणिताने खिट्टी काढून मूठ पुढे सरकवली. तिसरी. तेवीस. तिने तबकडी डोळ्यांजवळ नेली. चौथ्या खाचेत आदेशने दाबलं आणि लाल काटा अठ्ठावीसवर जाऊन उभा राहिला. पाचवी, वीस. टेकडी. इतकी नीट टेकडी की सरांनी फळ्यावर काढली असती. फक्त शिखर चुकीच्या जागी होतं. नाही, शिखर जिथे होतं तिथेच होतं. त्याची बोटं पुरती मिटत नव्हती, मग अरुंद मुठीवर ती जोर कुठून लावणार? दोरीला ताण यायच्या आधीच बोटं थांबत होती. रुंद मूठ दिली की ती वाटेतच धरतात आणि सगळा जोर पोचतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे सांगेल. तो एक दिवसही खोटं दाबला नव्हता. ती त्याला रोज संध्याकाळी अशा जागी विचारत होती जिथे त्याच्याकडे उत्तरच नव्हतं. आणि दुसऱ्या कोणीतरी काटा नसताना नीट जागी विचारलं होतं.

आदेश वाकून तबकडी बघत होता. "अठ्ठावीस?" त्याचा आवाज हळू झाला, जसा देवळात होतो. "काटा बिघडला काय गो?"

त्या वेळी तिने नाही म्हणायला हवं होतं. शब्द तयार होता. तिला त्याचा चेहरा दिसत होता, त्यावर काहीतरी उघडू पाहत होतं, आणि ते उघडलं की तो पहिल्यांदा कोणाला सांगायला जाईल तेही दिसत होतं. "बिघडला असेल," ती म्हणाली. "स्प्रिंग तपासून आणते." आदेशने मान हलवली. लगेच हलवली, संशय न घेता, आणि हात मांडीवर ठेवला. तिच्या आकड्यावर त्याचा स्वतःच्या हातापेक्षा जास्त विश्वास होता. गिरजाबाई म्हणाल्या, "सोड तो काटा, पातेलं उचलून दे ओट्यावर," आणि त्याने ते दोन्ही हातांनी उचललं. पातेल्याच्या जाड काठाभोवती त्याची उजवी बोटं अर्धवट मिटून घट्ट बसली. हे पातेलं त्याने कितीदा उचललं होतं, आणि ती ते बघत आली होती.

पुढच्या शनिवारी आदेश तिला पेणला घेऊन गेला. तिनेच येते म्हटलं होतं. प्रतिक्षाचं काम तिच्या आत्याच्या, हौसाआत्याच्या, गणपतीच्या कारखान्याच्या मागच्या पडवीत चालायचं. पुढच्या दालनात पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्ती रांगेने बसल्या होत्या आणि भिंतीशी फळ्यांवर सुटे हात सुकत होते, आशीर्वादाचे, मोदक धरायचे, शेकड्यांनी. प्रणिताच्या नजरेला ते हात खुपले. एकाही तळव्यावर स्नायू नव्हता. मागच्या शेडमध्ये पाइप कापायचा आवाज येत होता. आदेश तिला दारात सोडून तिकडेच गेला, घरच्यासारखा, चपला कुठे काढायच्या ते न विचारता.

"वहिनी," प्रतिक्षा आली. पेन्सिल आजही होती. जवळून ती दिसायला काही विशेष नव्हती. नाक मोठं, दात पुढे, आणि चेहरा सगळा उघडा. प्रणिताला ती सुंदर असती तर सोपं गेलं असतं. "तुमचा पेशंट मी पळवला बघा. रागावलात ना? आदेशदादा म्हणाला, बायको मापाने बोलते. मी म्हटलं, मग माझं कसं जमणार, मला बोलताना ब्रेकच नाही."

दादा. दादा म्हटलं म्हणून काय झालं, असं प्रणिताला वाटलं, आणि हा विचार कोणत्याही चाळीतल्या कोणत्याही बाईचा असू शकला असता हे जाणवून तिचे कान तापले. "तुम्ही बार कसा ठरवता?" तिने विचारलं. "जाडी कशी काढता?"

"या ना, दाखवते." पडवीत एक लांब फळी होती. तिच्यावर शाडूच्या मातीचे सुकलेले तुकडे मांडलेले, प्रत्येक मुठीएवढा. "आत्याकडे माती फुकट. ज्यांच्यासाठी बाग, त्यांना ओला गोळा देते आणि सांगते, गाडीत उभे आहात आणि ड्रायव्हरने ब्रेक मारलाय असं धरा. हे शाळेतल्या पोरांचे. ही खाडीकडची आजी, बघा, अंगठा वापरतच नाही. आणि हा आदेशदादाचा."

तिने सांगितलं नसतं तरी प्रणिताने ओळखला असता. तिने तो उचलला. हलका होता. चार बोटांच्या चार खाचा, तर्जनीची खोल, करंगळीची नुसती पुसट, आणि तळव्याच्या बाजूला टाक्यांची रेघ मातीत उमटलेली, जी रोज तिच्या अंगठ्याखाली असायची. गोळा जाड राहिला होता. बाकीच्यांच्या मुठीत माती पिळून निघाली होती, याच्या मुठीत मधेच थांबली होती. ज्या जागी बोटं थांबतात ती जागा तिथे तशीच होती, कोणालाही बघता येईल अशी. तिच्याकडे एवढ्या महिन्यांचे आकडे होते, आणि त्याची मूठ या बाईच्या फळीवर होती. प्रणिताने आपली बोटं त्या खाचांत ठेवून पाहिली. ती सैल बसली. तिने जरा दाबलं, आणि करंगळीच्या काठाची माती भुरभुरली.

"जपून हां," प्रतिक्षा म्हणाली. "तसा तुटला तरी चालेल, बार झालाच आहे. बोटं मिटत नाहीत तर बार जाड घ्यायचा, दुसरं काय. थोडा अंड्यासारखा चपटा केला. वरसेत एक बसवलाय. त्याच्यासारखे किती असतील ना इथे, कंपन्यांत हात गेलेले. बागेत येऊन बिचारे नुसते बाकावर बसतात." मग तिचा सूर कामाचा झाला. "वहिनी, एक विचारायचं होतं. मला त्याला वर चढवायचंय, फिटिंगला. पण माझा डोळा सांगतो तेवढ्यावर मी माणूस शिडीवर नाही पाठवणार. तुमचा आकडा पाहिजे. किती भरते पकड?"

शेडमधला आवाज थांबला होता. आदेश तिथे कोणाशी तरी हसत होता. प्रणिताच्या हातात तो मातीचा तुकडा होता.

"सतरा," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं, दुसऱ्या खाचेत.

प्रतिक्षाचा चेहरा उतरला. वाद घातला नाही, बघूही म्हणाली नाही. "सतरा म्हणजे नाहीच," ती म्हणाली. "मला जास्त वाटलं होतं. तुम्हीच खरं ते सांगणार." निघताना तिने आदेशला दारातच सांगितलं, सरळ, सगळ्यांसमोर नाही पण लपवूनही नाही. "आदेशदादा, शिडीचं काम नको इतक्यात. हिशेब ठेवायला ये हवं तर." आदेश म्हणाला, "हिशेब तर मी स्टोअरमध्ये पण ठेवतो," आणि हसला. तेच हसू, शून्याच्या दिवशीचं.

गाडीत तो खिडकीशी बसला आणि बाहेर बघत राहिला. शेतं कापून झालेली, बांधाबांधावर वालाचे वेल सुकत आलेले. प्रणिताला हवं होतं ते मिळालं होतं. तो पेणला जाणार नव्हता. संध्याकाळी खुर्ची तिरकी होईल, कोपर बरगडीला टेकेल. तिने ते सुख आत शोधलं, आणि जळजळ होती तिथेच होती, उलट आता त्या जळजळीला कोणी दुसरी बाई लागत नव्हती. कासूला गाडी थांबली. खालून एक म्हातारी चढत होती, हातात भाजीची पाटी. आदेश उठून दाराशी गेला, आणि सवयीने त्याने डावा हात पुढे केला. उजवा त्याने दाराच्या दांड्याला धरलाही नाही, मागे ठेवला, खिशात. दांडा बारीक होता. त्याच्यासाठी सगळं गावच बारीक दांड्यांचं होतं, आणि ही गोष्ट तिला माहीत होती, त्याला नव्हती.

रोह्याला उतरून स्कूटर काढली तेव्हा ऊन कलत होतं. "वरसेवरून घे," आदेश म्हणाला. "तुला तो बार दाखवायचा राहिलाय." बागेत कोणी नव्हतं. रंगाचा वास येत होता. निळ्या खांबांच्या मधे तो बार होता, नेहमीच्या बारपेक्षा जाड, थोडा चपटा, काळ्या रबराने मढवलेला. आदेशने हात पँटला पुसले. "सतरा तर सतरा," तो म्हणाला. "एवढं जमतं ते तरी बघ." त्याने उडी मारली आणि पकडलं. उजवी बोटं वाटेतच मिटली आणि थांबली, आणि तो वर होता.

प्रणिता पुढे झाली आणि तिने त्याची कमर धरली. अंतर ठेवलं नाही. हात तिच्या नकळत गेले होते. शर्टाखालच्या बरगड्या श्वासाबरोबर हलत होत्या.

"सोड ना," आदेश वरून म्हणाला.

तिने सोडलं नाही. तिला वाटलं होतं तिच्या हातांवर थोडा तरी भार असेल. नव्हता. ती त्याला उचलत नव्हती. मग हे हात काय करत होते? ते खाली ओढत होते, अगदी थोडे, मोजता येणार नाही इतके, आणि किती दिवसांपासून?

"ओढून बघतेस व्हय?" त्याला हसू आलं. "ओढ. बघच."

तिने ओढलं. आधी हाताने, मग कपाळ त्याच्या पोटाला टेकवून सगळ्या अंगाने, टाचा उचलल्या जाईपर्यंत. पेशंटशी असं करू नये. बार करकरला. वर त्याच्या दंडापासून खालपर्यंत काहीतरी ताठ होत आलं ते तिला कपाळाला जाणवलं, आणि तो सुटला नाही.

"अठ्ठावीस," ती त्याच्या शर्टात म्हणाली.

"काय?"

"काटा बरोबर होता."

तो एकेक हात सोडून खाली उतरला, आणि उजवा तळवा उघडून त्याच्याकडे बघत उभा राहिला, रबराच्या रेघा उमटलेल्या. तिने तो हात घेतला नाही. का लपवलंस ते तो विचारेल, हे तिला ठाऊक होतं, आज नाही तर घरी, काटा निघेल तेव्हा. तिने स्कूटरची किल्ली शोधली. ती हातातच होती.

"पेणला जाऊन तिला तू सांग," प्रणिता म्हणाली. "मी नाही सांगणार."